दा. गो. ची खूण

२० नोव्हेंबर १९८८, रविवार

हाताने केलेल्या वस्तू, आजपर्यंतच्या:

१. माझा पंच. पोलादी, टोकावर ‘दा. गो.’ कोरलेलं. पहिल्या खेपेला सुलटं कोरलं, ते पितळेवर उलटं उमटलं. तो वाया गेलेला तुकडाही जपून ठेवलाय.
२. लेथ. बेड कल्याणच्या भंगारातला, बाकी माझं.
३. मिठागरावरच्या पंपाचे दोन पंखे. ओतलेले नव्हेत, तासलेले.
४. गावदेवीच्या घंटेचा आकडा.
५. बायकोचं, भागीरथीचं, शेवयांचं यंत्र, तीन जाळ्यांसकट. (एक तिने हरवली. कबूल करत नाही.)
६. वाण्याच्या तराजूची दांडी. बरोबर तोलते म्हणून त्याला आवडत नाही.
७. आईची काठी. चिखलात रुतत नाही.
८. मुलीच्या, तुळसाच्या, सायकलचं चेनकव्हर.

सगळ्यांवर पंच मारलेला आहे. घंटेच्या आकड्यावर मागच्या बाजूने, देवीला दिसू नये म्हणून.

भरतीमापक यादीत घेत नाही. अजून नीट चालत नाही.

यादी शुभदा मॅडमनी मागितली. तुळसाला कॉलेजात फिजिक्स शिकवतात, राहायला डोंबिवलीला. दर रविवारी तिथल्या शाळेचा एक वर्ग मागून घेतात, पंधरा-वीस मुली जमवतात आणि त्यांना इस्त्र्या, रेडिओ, मिक्सर उघडायला लावतात. म्हणाल्या, “काका, एकदा या. काय काय केलंत ते लिहून आणा, मुलींना वाचून दाखवते.” मी चौथी पास. मिठागरावर जन्मलो, सतराव्या वर्षी कारखान्यात झाडू मारायला लागलो आणि टर्नर होऊन बाहेर पडलो. लॉगचे तक्तेसुद्धा पुस्तकातून स्वतः शिकलो. मला आजवर कुणी वर्गात बोलावलेलं नाही.

आता महत्त्वाचं. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, मॅडम मुलींच्या उपकरणांचं प्रदर्शन भरवणार. पहिली येईल तिला एका प्रयोगशाळेत वर्षभर उपकरणं बनवण्याचं शिक्षण, विद्यावेतनासकट. अट एकच — कल्पना मुलीची स्वतःची हवी. तुळसा भरतीमापक ठेवणार. आपल्या बाळकुमच्या खाडीचं पाणी किती चढलं, किती वाजता चढलं, ते कागदावर आपोआप उमटवायचं. कल्पना तिची, कातकाम माझं.

दुसरीकडे टिटवाळ्याचं स्थळ आलंय. भागीरथीच्या भावाने, काळुरामने आणलंय. नवी बिल्डिंग, खाली तीन गाळे, मुलगा एकुलता. त्यांना तुळसाची बी.एस्सी.ची परीक्षा झाली की लगेच लग्न हवं. तुळसा म्हणाली, “बाबा, मला एक वर्ष द्या.” मी म्हटलं, पहिली ये, मी स्वतः टिटवाळ्याला जाऊन नाही सांगतो. नाही आलीस तर तुझी आई म्हणेल तसं.

हो म्हणाली. लगेच. मला वाटलेलं भांडेल.

२७ नोव्हेंबर, रविवार

डोंबिवलीला गेलेलो. वर्गात एकोणीस मुली. मॅडमनी यादी वाचली, तराजूवर सगळ्या हसल्या.

मी कानस कशी धरायची ते दाखवलं. शिकंज्यात पितळेचा तुकडा पकडून दिला, म्हटलं सपाट करा. पहिल्या तिघींनी मध्ये फुगवटा आणला. मालन नावाची एक काळीसावळी मुलगी आहे, बाप भाजी विकतो. तिने दहा मिनिटांत असा सपाट केला की गुण्या लावला तर खालून उजेड दिसेना. मी विचारलं, कुठे शिकलीस? “काका, घरी विळ्याला धार मीच लावते.”

मला कारखान्यात कानस सरळ चालवायला तीन महिने लागलेले. हे तिला सांगितलं नाही.

निघताना मॅडम म्हणाल्या, “यांना गणित येतं हो. फळ्यावर सगळं येतं. पण पाना हातात द्यायला कुणी नसतं. घरात पाना भावाच्या हातात.” मी म्हटलं, माझ्या घरात नाही. तुळसाला मी सातवीपासून लेथवर उभी केलेली आहे. त्या म्हणाल्या, “म्हणून तर तिच्यावर माझी भिस्त आहे.”

येताना छाती पुढे काढून आलो. भागीरथी म्हणाली, “काय, मास्तर झालात वाटतं.”

४ डिसेंबर, रविवार

भरतीमापकाचं नीट लिहून ठेवतो. बाळकुमच्या धक्क्याच्या खांबाला सहा इंची पाईप उभा बांधलाय. खालून बंद, बाजूला एक भोक. भोकातून पाणी आत येतं, आतला तरंगणारा डबा पाण्याबरोबर वरखाली होतो. डब्याची दोरी कप्पीवरून पेनला. पेन टेकतं डालड्याच्या डब्यावर गुंडाळलेल्या कागदाला, आणि डबा फिरवतं गजराचं घड्याळ. वरच्या पेटीवर पितळी पट्टी, तिच्यावर पाण्याची उंची दाखवणारा काटा.

सगळं चालतं. पण रेषा येत नाही, केरसुणी येते. रेतीची बोट गेली की लाट, वारा आला की लाट. पेन थरथरतं.

भोक मी चाळीस मिलिमीटरचं पाडलंय. तुळसा म्हणते लहान करूया. मी म्हटलं, अगं, पाणी मोकळं आलं तर खरं माप येईल, नाक दाबल्यावर माणूस खरं बोलतो का? “बाबा, लाटही मोकळीच येते ना.” मी म्हटलं, पस्तीस वर्षं यंत्रांत गेली माझी.

भोक मोठंच करणार.

६ डिसेंबर

पन्नास केलं. जास्त हलतं.

११ डिसेंबर, रविवार

आई ओटीवर सुकट निवडत होती. तुळसा तिच्यापाशी केरसुणीचे कागद पसरून बसलेली. आईने विचारलं, “काय गो, यवरं खरकटं काय केलंस कागदावर?” तुळसाने सांगितलं, आजी, पाणी पाहिजे, लाट नको.

आई म्हणाली, “मंग उघारी बोटभर ठेव ना.”

उघाडी म्हणजे मिठागराच्या बांधातलं दार, त्यातून भरतीचं पाणी आत घ्यायचं. आईने तिथे बावीस वर्षं काढली. “पुरी उघारली का लाट आत येते, नि मिठाची वाफी मोरते. बोटभर ठेवाची. पानी सावकाश येतं, लाट भायेर डोकं आपटून मरते. तुजा बाप तवा कुठं होता? पतंग उरवीत.”

तुळसा उठून उभीच राहिली. मग माझ्याकडे आली. “बाबा, पाईपच्या भोकात बसतील असे नऊ प्लग करून द्या. प्रत्येकाच्या मधलं भोक तीन मिमीपासून सत्तावीसपर्यंत, तीन-तीनने वाढवत. प्रत्येक तीन दिवस लावून बघणार.” नऊ का, एक करून बघू, म्हटलं. “एक केला तर तो का चालला ते कळणार नाही.”

कारखान्यात आम्ही चालेल ते लावायचो आणि पुढे जायचो.

पितळ घ्यायला उद्या कल्याण.

१३ डिसेंबर

नऊ प्लग झाले. आटे एकसारखे, कुठलाही कुठेही बसतो. पहिला लावला.

२ जानेवारी १९८९, सोमवार

तीन मिमीचा प्लग खऱ्या पाण्याच्या पाच मिनिटं मागे राहिला. सहा आणि नऊ गाळाने बुजले. पंधराला रेतीची बोट कागदावर उमटायला लागली, अठराला वाराही. एकवीसही तसाच, आज उतरवला. आता चोवीस चालू आहे. तुळसा म्हणते, तिला उत्तर कळलंय, तरी नऊच्या नऊ पुरे करणार. मी म्हटलं, कशाला? “परीक्षक विचारतील तेव्हा मला ‘वाटतं’ म्हणायचं नाहीये.”

उत्तर बारा.

आईचं बोट व्हर्निअरने मोजलं. गाठ सोडून चौदा पूर्णांक सहा. आई म्हणाली, “म्हातारपणी सुजलंय. तवा बारीक होतं.”

१४ जानेवारी, संक्रांत

माझ्याकडून चूक झाली. लिहून ठेवतो.

बाराचा प्लग सोमवारपासून कायमचा लावलाय. रेषा अशी येते की जणू रूळ धरून काढलीय. पण वेळ चुकत होती. पंचांगात नियम आहे, मी कारखान्यात असताना पाठ केलेला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. तुळसाच्या कागदावर भरती रोज या नियमापेक्षा तासाभराने उशिरा. मला वाटलं गजराचं घड्याळ पुढे पळतंय. ती कॉलेजात असताना मी कागदाचा डबा तासाने मागे सरकवला. दोन दिवस सरकवला. तिने कागद उतरवला आणि तिला हिशोब लागेना. शेवटी मीच सांगितलं.

ती रागावली नाही. फक्त दोन्ही कागदांवर लाल पेनने ‘बाद’ लिहिलं. त्यापेक्षा रागावली असती तर बरं.

तिळगूळ देताना आईने ऐकलं. “पाऊनपट? अरे ती दर्यावरची. आपल्या खारीला दोन भात जास्ती.”

दोन भात म्हणजे? “पाऊनपट मोजाची. मंग एका मागून एक दोन टोप भात शिजवाचा. दुसरा उतरला का बांधावर जावाचं, भरती हजर.”

मी पाऊणपट पुस्तकातून घेतली. मिठागरावर जन्मून. आईला विचारायचं सुचलं नाही.

१५ जानेवारी, रविवार

आज चुलीवर भात. तुळसा स्टॉपवॉच घेऊन चुलीपाशी, शेजारची सखुबाई दारातून बघते. “पोरगी भाताची शर्यत लावते का काय?”

एक टोप चौतीस मिनिटं. दोन भात म्हणजे अडुसष्ट.

१६ जानेवारी

काल भातावरून आठवलं ते लिहितो.

मिठागरावर हजेरीची वही असायची. मुकादम पुरुषांची नावं लिहायचा — गोमाजी, म्हणजे माझे वडील, मग बाकीचे. बायकांचं नाव नाही. शेवटी एक ओळ: ‘बायका ६’. त्या सहांत आई. उघाडी कधी किती उघडायची ते बायकाच बघायच्या, कारण पुरुष मीठ ओढायला. म्हणजे सगळ्या मिठागराचं पाणी ज्यांच्या हातात, त्यांची नोंद नुसता आकडा.

मी माझा पंच त्या वहीमुळेच केला. कारखान्यातही आमच्या कामावर साहेबाचं नाव जायचं. म्हटलं, माझ्या हातातून गेलेल्या वस्तूवर माझी खूण पाहिजे. अठ्ठावीस वर्षं मारतोय.

आईला आज विचारलं, तुझी खूण कुठे? तिला प्रश्न कळला नाही. “माजी काय खूण असाची? मीठ खाल्लं लोकांनी.”

२१ जानेवारी, शनिवार, पौर्णिमा

पाऊणपट सव्वाअकरा. दोन भात मिळवले तर बारा तेवीस. आम्ही तिघं धक्क्यावर. आई काठी टेकत आली. बारा तेवीसला पाणी अजून चढत होतं. बारा सव्वीसला पेन थांबलं आणि रेषा वळली.

बाकीच्या दिवसांचा हिशोबही तसाच. सरासरी उशीर एकाहत्तर मिनिटं. आईच्या भातापेक्षा तीन जास्त.

तुळसाने सांगितलं तर आई म्हणाली, “जुना तांदूल घेवाचा. नवा लवकर शिजतो.”

२२ जानेवारी, रविवार

सामंत आलेले. डोंबिवलीच्या एमआयडीसीत केमिकलच्या टाक्यांना लागणारं सामान बनवतात, व्हॉल्व्हचे स्पिंडल माझ्याकडून कातून नेतात. तुळसा मॅडमच्या वर्गाला गेलेली. माल पॅक होईपर्यंत सामंत धक्क्याकडे फिरायला गेले आणि पेटीपाशी थांबले. रेतीची बोट गेली, धक्क्यावर पाणी उसळलं, पट्टीवरचा काटा जागचा हलला नाही. सामंत खाली बसून बघत राहिले. त्यांच्या टाक्यांत केमिकल सतत ढवळलेलं असतं, म्हणाले, पातळी मोजणारा काटा नाचतो, नऊ वर्षं यावर उपाय शोधतोय.

“दामाजीशेठ, हे डोकं कुणाचं?” काय ते सांगितलं. बरंच बोलले. कळवतो म्हणाले.

संध्याकाळी पट्टीवर पंच मारला. राहूनच गेलेला.

५ फेब्रुवारी, रविवार

काळुराम आलेला. टिटवाळ्याचे लोक विचारतायत. भागीरथी माझ्याकडे बघते, मी कॅलेंडरकडे. काळुराम तुळसाला म्हणाला, “तो पाईप घालून बस गळ्यात, वरमाला म्हणून.” तुळसा म्हणाली, “मामा, सहा इंची आहे. तुमच्याही गळ्यात बसेल.”

भागीरथी हसली. मग हसल्याबद्दल दिवसभर घुश्शात.

रात्री जेवताना मला म्हणाली, “मला यंत्रातलं कळत नाही. पण पोरगी धक्क्यावर जाते तेव्हा गाणं म्हणत जाते. लग्नाचं काढलं की गाणं थांबतं.” एवढंच बोलली आणि आमटी वाढली.

१२ फेब्रुवारी, रविवार

तुळसा प्रदर्शनाचा मोठा तक्ता करतेय. खाली कोपऱ्यात लिहिलंय: ‘नियम: पाऊणपट नि दोन भात — आवडाबाई गोमाजी, मीठ कामगार, बाळकुम.’

मी म्हटलं, आजीचं नाव कशाला तक्त्यावर? “नियम तिचा आहे ना, बाबा.”

बरोबर आहे.

२० फेब्रुवारी, ग्रहण

आई म्हणाली, सुटेपर्यंत कुणी काही खायचं नाही, बाहेर पडायचं नाही. सात वाजता तुळसा कागद बदलायला धक्क्यावर निघाली. आईने अडवलं नाही. उलट म्हणाली, “ग्रहनात पानी किती चरतं ते माना सांग.”

२८ फेब्रुवारी, मंगळवार

क्रमाने लिहितो.

डोंबिवलीच्या शाळेचं सभागृह. बावीस मुलींची टेबलं. तुळसाने पाईप पाण्याच्या पिंपात उभा केलेला, नऊ प्लग निळ्या कापडावर ओळीने. मालनने पिंपात फळी आपटून लाटा करायच्या आणि काटा स्थिर राहिलेला दाखवायचा, असं ठरलेलं. गर्दी तिथेच.

परीक्षक तिघं. दोन प्राध्यापक आणि विमलाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. तुळसा चांगलं बोलली. मग चष्मेवाल्या प्राध्यापकांनी वाकून पट्टी पाहिली.

“हे दा. गो. म्हणजे काय?”

“माझे बाबा. दामाजी गोमाजी. त्यांची खूण आहे.”

“ते काय करतात?”

“टर्नर आहेत. स्वतःचं वर्कशॉप आहे.”

“अच्छा.” त्यांनी दुसऱ्यांकडे बघितलं. “म्हणजे यंत्र बाबांचं. तू काय केलंस, समजावून सांगायचं काम?” हसत म्हणाले. वाईट माणूस नाही. तुळसाने प्लगांचं सांगितलं, तेव्हा ते मान हलवत राहिले — पाठांतर चांगलंय, या अर्थी. कागदावर लिहिलं ते मला उलट्या बाजूनेही वाचता आलं: ‘पालकांचे काम?’

मी चार हातांवर उभा होतो.

निकालात विमलाबाई म्हणाल्या, दोन उपकरणांबद्दल शंका आहे, पहिला क्रमांक रविवारी पाचला ठरवू. त्यात आमचं एक.

बाळकुम नाक्यावर उतरल्यावर तुळसाने विचारलं, “बाबा, पट्टीवर पंच कधी मारलात?”

सवयीने मारला गं, म्हटलं. हात जातोच.

ती थोडं चालली. “पण प्लगांवर नाहीये.”

१ मार्च

प्लग पाहिले. खरंच एकावरही नाही.

२ मार्च, गुरुवार

शुभदा मॅडम कॉलेज सुटल्यावर घरी आल्या. चहा घेतला, मग सरळ म्हणाल्या, “काका, रविवारी तुम्ही या. तिने कितीही सांगितलं तरी ते म्हणतील बापाने पढवलंय. तुम्हालाच सांगावं लागेल.”

काय सांगू?

“जे आहे ते.” मग म्हणाल्या, “मी एम.एस्सी. झाले तेव्हा माझ्या प्रबंधाबद्दल लोक माझ्या सरांचं अभिनंदन करायला गेले. सरांनी पेढे घेतले. चांगले होते सर. पेढे घेतले फक्त.”

त्या गेल्यावर सामंतांचं पाकीट आलं. वाचलं. लेथच्या खणात ठेवलं.

४ मार्च

दिवसभर काहीही धड कातलं नाही. दोन स्पिंडल वाया.

५ मार्च, रविवार

गेलो. जाताना पिशवीत बारीक कानस घेतली.

तेच तिघं परीक्षक, टेबलावर आमची पेटी. चष्मेवाल्यांनी खुर्ची दिली. मी उभाच राहिलो. म्हटलं, मला प्रश्न विचारा.

ते म्हणाले, “बरं. भोक बारा मिलिमीटरचंच का? दहा का नाही, वीस का नाही?”

मी म्हटलं, मला माहीत नाही. मी चाळीस पाडलेलं. चालेना तेव्हा पन्नास केलं. माझं डोकं वापरलं असतं तर आज साठ असतं.

विमलाबाई हसल्या. “मग बारा कुणी ठरवलं?”

हिने. नऊ प्लग मागितले, मी कातून दिले. का मागतेय ते मला कळलंच नाही. मला वाटलं पितळ फुकट चाललं.

“पण मग ही तुमची खूण?”

सवय आहे, म्हटलं. अठ्ठावीस वर्षांची. सवयीने मारली.

मग पेटी छातीशी धरली आणि कानस चालवली. पितळ मऊ असतं, तरी पंच खोल होता. चाळीसेक वेळा घासावं लागलं. आधी ‘गो’ गेलं, मग ‘दा’. हाताने बघितलं, सपाट. मालनइतकं नाही.

चष्मेवाले मग तुळसाकडे वळले. अर्धा तास विचारत होते. तीन का नको, नऊ का नको, गाळ कुठून येतो, सरासरी कशी काढली. मध्येच मी उत्साहात म्हटलं, नऊचा प्लग दोन दिवसांत बुजला. “बाबा, सहाचा दोन दिवसांत. नऊचा तिसऱ्या.” सगळे हसले. मीही.

शेवटी त्यांनी तक्त्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “या आवडाबाई कोण? यांनी कुठे शिक्षण घेतलंय?”

तुळसा म्हणाली, “आमच्याच खाडीवर. बावीस वर्षं.”

पहिली आली. एकमताने. १ जूनपासून प्रयोगशाळा.

आईला सांगितलं. विचारते, “तिथं भात कोन शिजवल तिला?”

६ मार्च

टिटवाळ्याला जाऊन नाही सांगून आलो. त्यांनी चहा दिला. काळुराम बोलत नाही. भागीरथीने त्याला शेवया पाठवल्यात, जुन्या जाळीच्या. म्हणजे हरवलेली जाळी सापडली.

१० मार्च, शुक्रवार

२२ जानेवारीला या वहीत खोटं लिहिलंय. पंच राहून गेलेला नव्हता. कल्पना तिची म्हणून पट्टी मी मुद्दाम कोरी ठेवलेली. सामंतांनी डोकं कुणाचं विचारलं तेव्हा मी ‘माझं’ म्हटलं. ते जे देतील त्याला हो म्हटलं. ते गेल्यावर पंच काढला आणि मारला. परीक्षकांपुढे ‘सवयीने’ म्हटलं तेही खोटं.

आज तुळसाला सगळं सांगितलं. ती कागद गुंडाळत होती, गुंडाळतच राहिली. माझ्याकडे बघितलं नाही. मग नऊ प्लग माझ्यापुढे सरकवले. “यांच्यावर मारा. हे तुमचे आहेत.”

मारले. यादीत नववी वस्तू: पितळी प्लग, नऊ.

सामंतांच्या त्या पाकिटाला नकाराचं पत्र टाकलं. जानेवारीत ज्याला हो म्हटलेलं आणि आज नाही म्हटलं, ते असं: काटा स्थिर ठेवण्याची युक्ती दामाजी गोमाजी यांची, असं माझ्या सहीने लिहून देणं, त्याबद्दल त्यांच्या कारखान्यात सुपरवायझरची जागा आणि रोख चाळीस हजार रुपये.